जुन्या फोर बाय फोरवरची अनोळखी रिम ओळखायची कशी? मागच्या बाजूने सुरुवात करा

जुनी जीप असो, सिरीज लँड रोव्हर असो, एफजे४० लँड क्रूझर, स्काउट, ब्रॉन्को, नाहीतर एसजे सुझुकी, गाडी घेताना लोक चेसिस नंबर बघतात, इंजिन नंबर बघतात, गिअरबॉक्स ओरिजिनल आहे का विचारतात, आणि चाकांकडे कुणाचं लक्षच जात नाही. खरं तर एवढ्या वर्षांत गाडीचा सगळ्यात जास्त वेळा बदललेला भाग म्हणजे चाकंच असतात. कुणी रुंद टायर बसवायला रिम बदलली, कुणाची फुटली म्हणून दुसऱ्या गाडीची काढून लावली, कुणी स्टेपनी एका जातीची आणि खालची चार दुसऱ्या जातीची ठेवली. म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, की रिम ज्या गाडीवर बसलीय त्या गाडीवरून रिमची ओळख पटत नाही. आणि दुसरी, समोरच्या डिझाइनवरून तर त्याहून नाही, कारण एकच डिझाइन सात-आठ कंपन्यांनी काढलेलं असतं. ओळख पटते ती मागच्या बाजूने, मोजमापांनी आणि पत्र्यावर उठवलेल्या अक्षरांनी.

आणखी एक. "ही कुणी बनवली" हा प्रश्न आणि "ही माझ्या गाडीला चालेल का" हा प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर कधीकधी मिळतच नाही, दुसऱ्याचं मात्र नीट मोजलं तर नक्की मिळतं, त्यामुळे मोजमापाला आळस नको.

आधी हे बघा: रिम एकसंध आहे की तुकड्यांची

पाना हातात घ्यायच्या आधीच हे बघायचं. जुन्या ऑफरोड आणि मिलिटरी गाड्यांवर दोन किंवा जास्त तुकड्यांच्या रिम सर्रास असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपची कॉम्बॅट रिम घ्या, सुरुवातीच्या काही गाड्यांवर साधी एकसंध रिम होती आणि नंतर ही आली, १६×४.५० ची, दोन अर्ध्या भागांची, ते दोन्ही भाग ८ नटांनी एकमेकांना धरून ठेवलेले. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्याला, धरणारे ५ नट वेगळे आणि हे ८ वेगळे. आता ज्याला माहीत नाही तो चाक काढायच्या नादात हे आठ नट सोडायला लागतो, आत हवा भरलेली असते, आणि शेवटचे एकदोन नट ढिले झाले की दोन भाग स्फोट झाल्यासारखे सुटतात. यात माणसं मेलेली आहेत. म्हणून चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसली, किंवा रिमच्या काठाला एका ठिकाणी कापलेली गोल कडी दिसली म्हणजे लॉक रिंग, तर व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण सोडा, पिनच्या भोकात तार घालून माती अडकली नाही ना ते बघा, आणि मगच पुढचं काम. परत हवा भरताना चाक ठेवायला लोखंडी पिंजरा लागतो, अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांत मोठ्या गाड्यांच्या असल्या रिमसाठी पिंजरा सक्तीचाच आहे. पिंजरा नसेल तर ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडेच ते चाक न्या, इथे जुगाड करायचा नाही.

रिम एकसंध निघाली तर चाक काढा, जमलं तर टायरही उतरवा. टायर असताना बाकी बरंच कळतं, पण रुंदी आणि बीडची, म्हणजे टायरच्या आतल्या कडक काठाची, जागा नीट कळत नाही.

टायरवरून रिमचं वय काढायला जाऊ नका. टायरवरचा तारखेचा आकडा फक्त टायर कधी बनला तेवढं सांगतो, २००० पासून तो चार अंकी झाला, त्याआधी तीन अंकी होता. टायर १९९७ चा आणि रिम १९६५ ची हे अगदी रोजचं आहे.

साफसफाई आणि अक्षरं वाचणं

रिम उलटी ठेवा. साबणपाणी, जुना ब्रश, मग तारेचा ब्रश पण हलक्या हाताने. ग्राइंडरला वायर व्हील लावून घासू नका, कारण जुन्या लोखंडी रिमवरचे शिक्के मुळातच उथळ असतात, त्यावर गंज चढलेला, दोन मिनिटांत तारखेचा अर्धा भाग उडून जातो. ॲल्युमिनियमची रिम तर त्याहून मऊ. रंगाचे थर जाड असतील तर पेंट रिमूव्हर लावून थांबणं सगळ्यात बरं, आणि रंग काढताना खालचे थर कुठल्या क्रमाने येतात ते बघत जा, तीही माहितीच आहे. सिरीज लँड रोव्हरच्या बऱ्याच रिम लाइमस्टोन म्हणतात त्या फिकट पिवळसर पांढऱ्या रंगाच्या असायच्या, मिलिटरी गाडीच्या रिमवर सगळ्यात खाली ऑलिव्ह सापडतो. सगळ्यात खालचा थर चारही चाकांवर एकच असेल तर ती चार बहुतेक सुरुवातीपासून एकत्र आहेत.

शिक्के शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. लोखंडी रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, मधल्या डिस्कवर स्टडच्या (हबमधून बाहेर येणारे, नट लागणारे बोल्ट) भोकांच्या आजूबाजूला, आणि आतल्या बाजूला जिथे डिस्क आणि गोल पट्टा जोडलेला असतो तिथे. ॲलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ओतीव रिमवर, अक्षरं मागच्या बाजूला, स्पोकच्या पाठीवर नाहीतर हबला टेकणाऱ्या सपाट भागाच्या कडेला ओतलेली असतात. डोळ्यांना नुसतं काही दिसलं नाही म्हणजे नाही असं नाही. खोली अंधारी करा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, सावली पडली की अक्षरं उठून येतात. तरी वाचता येईना तर पांढरा खडू त्या जागेवर आडवा घासा आणि बोटाने वरचा पुसून टाका, खाचेत खडू राहतो. तिसरा उपाय म्हणजे पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची. हे तिन्ही करून बघा, कारण ३ आणि ८, ५ आणि ६ यांची गल्लत इथेच होते.

सापडलेल्या अक्षरांचा अर्थ असा लावायचा. "१५×७ जेजे" किंवा "५.५०एफ×१६" असं काही असेल तर तो साइज, इंचात. जे, जेजे, जेके, के, ई, एफ ही अक्षरं रुंदीची नाहीत, टायर जिथे टेकतो त्या काठाच्या आकाराची आहेत. लँड रोव्हरच्या जुन्या लोखंडी रिमवर ५.००एफ आणि ५.५०एफ नेहमी दिसतं. "ईटी" आणि पुढे आकडा असेल तर तो ऑफसेट मिलिमीटरमध्ये, म्हणजे हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलीय ते, युरोपियन आणि जपानी रिमवर हे असतं, जुन्या अमेरिकनवर सहसा नाही. "जेडब्ल्यूएल" म्हणजे जपानचं ॲलॉय रिमचं स्टँडर्ड, शेजारी "व्हीआयए" असेल तर तिथल्या तपासणी संस्थेत नोंद आहे. "केबीए" आणि पुढे पाच आकडे म्हणजे जर्मनीची मान्यता, हा नंबर मिळाला तर लॉटरीच, कारण त्या नंबराला कंपनी आणि मॉडेल दोन्ही बांधलेलं असतं.

अमेरिकन ट्रक आणि जीपसारख्या गाड्यांच्या रिमवर १९७० च्या दशकाच्या शेवटापासून "डीओटी" ही अमेरिकन वाहतूक खात्याची खूण यायला लागली, त्याच्यासोबत एक सुटं अक्षर, साइज, बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण, आणि तारीख. ते सुटं अक्षर म्हणजे माप कुठल्या संस्थेच्या पुस्तकातलं आहे ते, टी म्हणजे अमेरिकन टायर अँड रिम असोसिएशन, ई म्हणजे युरोपियन, जे म्हणजे जपानी. त्यामुळे डीओटी दिसलं की रिम बहुतेक त्या काळाची किंवा नंतरची हे कळतं. नुसतं डीओटी नाही म्हणून रिम जुनीच असं मात्र उलटं म्हणता येत नाही.

बनवणाऱ्यांची नावं ओळखीची करून घ्या. अमेरिकन लोखंडी रिमवर केल्सी-हेज, फायरस्टोन. ब्रिटिशवर डनलॉप, सँकी, रुबेरी ओवेन, १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरवरची ती रोस्टाइल रिम रुबेरी ओवेनचीच. जर्मनवर लेमर्झ आणि क्रोनप्रिन्झ. जपानी लोखंडीवर टोपी, ॲलॉयवर एनकेई. हे लोक बऱ्याच गाडी कंपन्यांना माल द्यायचे, म्हणून नाव मिळालं की गाडी मिळाली असं नाही, देश आणि साधारण काळ मिळाला.

ॲलॉयवर कधीकधी छोटं गोल घड्याळासारखं चिन्ह असतं, मध्ये बाण आणि भोवती आकडे, किंवा चौकटीत टिंबं. ती ओतकामाची तारीख. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, मधले दोन आकडे वर्ष.

पीसीडी, सगळ्यात महत्त्वाचं माप

स्टडची भोकं किती आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती, याला पीसीडी म्हणतात. ४, ६ आणि ८ भोकांच्या रिमवर सोपं आहे, समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर म्हणजेच पीसीडी. ५ भोकांत घोळ होतो, कारण बरोबर समोर भोकच नसतं. लोक काय करतात, एका भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या लांबच्या काठापर्यंत टेप धरतात आणि तो आकडा पीसीडी म्हणून सांगतात. हे अंदाजे जवळ जातं, पण पक्कं नाही आणि भोकाच्या साइजप्रमाणे बदलतं.

बरोबर पद्धत अशी. शेजारशेजारची दोन भोकं घ्या. एकाच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत व्हर्नियरने मोजा, हे आपोआप मध्य ते मध्य होतं. त्याला १.७०१ ने गुणा. आला पीसीडी. रिमच्या पुढच्या बाजूने मोजू नका, तिथे नट बसायला भोक पसरट केलेलं असतं, मागून मोजा, तिथे काठ सरळ असतो.

एका जागी एक एमएम चुकला की पीसीडीत पावणेदोन एमएम चूक येते, म्हणून पाचही जोड्या मोजून सरासरी काढा. आणि एकदा वेगळ्या वाटेने पडताळा. मधल्या मोठ्या भोकाच्या काठापासून स्टडच्या भोकाच्या जवळच्या काठापर्यंतचं अंतर घ्या, त्याची दुप्पट करा, त्यात मधल्या भोकाचा व्यास आणि स्टडच्या भोकाचा व्यास मिळवा. हाही पीसीडीच येतो आणि भोकं कितीही असली तरी चालतो. दोन्ही आकडे एमएमभरात जुळले की निवांत पुढे जा.

५ भोकांसाठी शेजारच्या भोकांचं अंतर आणि त्याचा अर्थ, हे लिहूनच ठेवा:

६७.२ एमएम आलं तर ५×११४.३, जीपमध्ये १९८७ च्या रँग्लर वायजेपासून हे आलं.
७४.६ आलं तर ५×१२७.
७६.४ आलं तर ५×१३०, मर्सिडीजची जी क्लास.
८२.१ आलं तर ५×१३९.७, म्हणजेच साडेपाच इंच.
९७ आलं तर ५×१६५.१, सिरीज लँड रोव्हर, डिफेंडर, पहिली डिस्कव्हरी, जुनी रेंज रोव्हर.
१२०.५ आलं तर ५×२०५, जुनी फोक्सवॅगन बीटल आणि तिच्यावर बनवलेल्या बग्गी.

यातली ९७ आणि १२०.५ वाली सगळ्यात सुखाची, कारण दुसरं कुणी ती मापं फारसं वापरतच नाही. ५×१६५.१ आलं की लँड रोव्हरच्याच दिशेने जायचं, आणि नंतरच्या दुसऱ्या डिस्कव्हरीला ५×१२० आहे म्हणून ती लगेच बाद. ८ भोकांची १६५.१ हा वेगळा प्रकार, अमेरिकन पाऊण टनी ट्रकांचा, आकडा सारखा म्हणून गोंधळू नका.

डोकेदुखी आहे ती ५×१३९.७ ची. विलीजपासून १९८६ च्या सीजे७ पर्यंत सगळ्या जुन्या जीप, इंटरनॅशनल स्काउट, १९६६ ते ७७ ची ब्रॉन्को, सुझुकीची एलजे आणि एसजे, लाडा निवा, युएझेड ४६९, फोर्डचे आणि नंतर डॉजचे अर्धा टनी पिकअप, सगळे याच मापात. तसंच ६×१३९.७ मध्ये लँड क्रूझर, हायलक्स, निसान पेट्रोल, पजेरो, शेव्हरोलेची के५ ब्लेझर, ही सगळी मंडळी. इथे पीसीडी फक्त घराणं सांगतो, पुढची चाळणी मधल्या भोकाने लावायची.

मधलं भोक

जुन्या फोर बाय फोरला पुढच्या चाकाच्या मध्यातून हब बाहेर येतो, त्यावर बऱ्याचदा फ्री व्हील लॉक (चाक एक्सलला जोडायचा-सोडायचा खटका) असतो, म्हणून रिमचं मधलं भोक मोठंच लागतं. सुझुकी एसजेला साधारण १०८ एमएम, जुन्या लँड क्रूझरलाही त्याच्याच आसपास, निवाला ९८ च्या आसपास. याउलट फोर्डच्या पिकअपची नंतरची ५×१३९.७ रिम ८७ च्या आसपास आणि डॉजची ७८ च्या आसपास, पजेरोची ६×१३९.७ तर ६७ च. त्यामुळे ५ भोकं, ८२.१ चं अंतर आणि मध्ये ७८ चं भोक असेल तर ती रिम जुन्या जीपची नाहीच, पीसीडी कितीही जुळू दे.

व्हर्नियर एवढा उघडत नसेल तर पुठ्ठ्याची पट्टी कापून भोकात घट्ट बसेपर्यंत छाटा आणि ती पट्टी मोजा. भोकाची कड नीट बघा. कारखान्यातली कड गुळगुळीत आणि एकसारखी असते, कुणी नंतर गॅसने किंवा कानशीने मोठं केलेलं असेल तर कडेला लाटा दिसतात. असं दिसलं तर आजचं माप मूळ माप नाही हे नोंदवून ठेवा, आणि ती रिम वापरण्याबद्दल दोनदा विचार करा.

व्यास आणि रुंदी, इथे फसगत जास्त

रिमचा इंचाचा साइज बाहेरच्या काठाचा नसतो, टायरचं बीड जिथे बसतं त्या जागेचा असतो. १५ इंची रिमची बीडची जागा ३८० एमएम भरते, पण बाहेरचा काठ दोन्हीकडून सतरा-साडेसतरा एमएम वर येतो, म्हणून बाहेरून टेप लावली की ४१५ म्हणजे सव्वासोळा इंचाच्या वर भरतं, आणि लोक सांगतात सोळाची आहे. सोळाची रिम बाहेरून ४४० च्या आसपास भरते. टायर उतरवलेला असेल तर बीडच्या जागेवर शिवणकामाची टेप गुंडाळून घेर मोजा, १५ ला साधारण ११९४ एमएम, १६ ला १२७४.

आणि आता साडेसोळा. हे वाचून सोडून देऊ नका. १९७० च्या दशकात अमेरिकन ट्रकांवर १६.५ इंची रिम खूप चालायच्या, १६.५×६.७५, १६.५×८.२५, १६.५×९.७५ असले साइज, मिलिटरीच्या हमवीवरही हाच व्यास. या रिमची बीडची जागा १५ अंशांच्या उताराची असते, साध्या १६ इंची रिमची ५ अंशांची. म्हणजे साडेसोळाच्या रिममध्ये बीडची जागा डोळ्यांना दिसेल एवढी तिरकी दिसते. १६ चा टायर साडेसोळाच्या रिमवर ओढूनताणून चढतो, पण बीड जागेवर कधीच बसत नाही, माणूस हवा वाढवत जातो आणि बीडची तार तुटून टायर फुटतो. म्हणून अनोळखी रिम १६ ची वाटली तरी शिक्का किंवा घेर यातलं एक तरी पक्कं झाल्याशिवाय टायर चढवायचा नाही.

रुंदी मोजायची ती दोन काठांच्या आतल्या बाजूंमधली. बाहेरून मोजलं तर साधारण एक इंच जास्त येतो, ७ ची रिम बाहेरून ८ भरते.

बॅकस्पेसिंग आणि ऑफसेट

रिम तोंडावर पालथी ठेवा, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी टाका, आणि हबला टेकणाऱ्या सपाट भागापासून पट्टीपर्यंत उभं मोजा. हे बॅकस्पेसिंग. ऑफसेट काढायचा तर बाहेरून मोजलेल्या पूर्ण रुंदीचा अर्धा त्यातून वजा करा. ७ ची रिम, बाहेरून ८, अर्धे ४, बॅकस्पेसिंग साडेचार, तर ऑफसेट अधिक अर्धा इंच, म्हणजे अधिक १२.७ एमएम. वजा करताना नाममात्र रुंदीचा अर्धा धरला की उत्तर अर्ध्या इंचाने चुकतं, आणि ही चूक फार कॉमन आहे.

जुन्या गाड्यांच्या मूळ रिम सहसा अरुंद, साडेचार ते सहा इंच. रुंदी ८ किंवा १० आणि ऑफसेट बराच उणे, तर ती बहुतेक कुणीतरी नंतर शौकाने लावलेली.

नट बसतो ती जागा आणि स्टड

भोकात नट टेकतो तो भाग बघा. सरळ उताराचा असेल तर शंकूच्या नटाचा, बहुतेक गाड्यांना ६० अंशांचा. वाटीसारखा गोल असेल तर गोल बुडाच्या बोल्टचा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीजकडे हे दिसतं. भोक सरळ नळीसारखं आणि वर सपाट जागा असेल तर लांब दांड्याचा वॉशरवाला नट, जुन्या ॲलॉयवर हे खूप असतं, टोयोटाच्या फॅक्टरी ॲलॉयवरही. शंका असेल तर नटाच्या उतारावर मार्कर फासा, हाताने घट्ट करून काढा. पूर्ण पट्टा उमटला तर जोडी बरोबर, नुसती बारीक रेघ उमटली तर चुकीची, आणि चुकीच्या जोडीचा नट गाडी चालताना ढिला होतोच.

स्टडचे आटेही मोजा. जुन्या जीपला अर्धा इंच, इंचाला २० आटे. लँड क्रूझरला १२ एमएम, दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड एमएम. सुझुकी आणि निवाला १२ एमएम पण सव्वाचा पिच, आणि हे दोन पिच एकमेकांत दोनतीन फेरे जातात आणि मग अडकतात, तिथे जोर लावला की आटे गेले. डिफेंडरला १६ एमएम. शिवाय जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, टोकावर बऱ्याचदा एल उठवलेला असतो. नट सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी तो एल शोधा.

बनावटीवरून काळ

जुन्या लोखंडी रिममध्ये डिस्क आणि पट्टा रिव्हेटने जोडलेले असतात, नंतरच्यात वेल्डिंग. रिव्हेटची रिम ट्यूबशिवाय हवा धरत नाही. बीडच्या जागेच्या आतल्या बाजूला छोटा उंचवटा फिरलेला असेल तर ती ट्यूबलेस टायरसाठीची, नसेल तर बऱ्याचदा ट्यूबच्या जमान्यातली. व्हॉल्व्हचं भोकही बोलतं, ११.५ च्या आसपास किंवा १६ एमएमच्या जरा आत, ही ट्यूबलेस व्हॉल्व्हची नेहमीची दोन मापं, आणि लांबट खाच असेल तर बहुतेक ट्यूबची.

बाजारातल्या शौकीन रिम

स्लॉट मॅग म्हणजे लांबट खिडक्यांची ॲलॉय, १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकन रेसिंग, अँसेन, वेस्टर्न असल्या बऱ्याच कंपन्यांनी जवळपास सारखीच काढली. पांढरे स्पोक वाल्या लोखंडी रिमचं तसंच, जॅकमनचं नाव मोठं पण नकला अगणित. फोटो बघून नाव सांगणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नका, मागे ओतलेलं नाव किंवा खूण मिळाली तरच नाव लिहा, नाहीतर "स्लॉट मॅग, बनवणारा अज्ञात" असं लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

युनिलग हा यातला खास प्रकार. क्रॅगरच्या एसएस वगैरे रिममध्ये स्टडची भोकं गोल नसून लांबट असतात आणि त्यात सरकवून बसवायचे वॉशर येतात, म्हणजे एकाच रिमला दोनतीन पीसीडी चालतात. इथे भोकाचं मध्य ते मध्य मोजून काहीच हाती लागत नाही. आतलं टोक आणि बाहेरचं टोक दोन्हीकडून मोजून कुठपासून कुठपर्यंत ते लिहा, आणि वॉशर हरवले असतील तर ते मिळेपर्यंत रिम गाडीला लावायची नाही.

मॅग म्हणतात म्हणून मॅग्नेशियम असेलच असं नाही, बहुतेक ॲल्युमिनियमच. रिम मापाच्या मानाने फारच हलकी लागली तर मागे एखाद्या लपलेल्या जागी रंग खरवडून पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका, मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर तसं होत नाही. मॅग्नेशियम निघालं तर तिला ग्राइंडर लावायचा नाही, त्याचा भुसा पेट घेतो. आणि जुनं मॅग्नेशियम आतून खाल्लेलं असू शकतं, ती रिम तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर नको.

सगळं जुळवताना

समजा एक रिम आहे. ॲल्युमिनियम, लांबट खिडक्या, मागे नाव नाही. ५ गोल भोकं, शेजारचं अंतर ८२, मधलं भोक १०८. घेरावरून १५ ची, आतून रुंदी ८, बाहेरून ९, बॅकस्पेसिंग पावणेचार. अर्धे साडेचार, म्हणजे ऑफसेट उणे पाऊण इंच, उणे १९ एमएम. नट सरळ नळीचा. आता बोला: ५×१३९.७ चं घराणं, पण त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांच्या मूळ रिम सहसा लोखंडी आणि अरुंद, म्हणून ही बहुतेक बाजारातून घेतलेली. मधलं भोक मोठं म्हणजे फ्री व्हील हबवाल्या फोर बाय फोरला धरून बनवलेली. जीप, स्काउट, ब्रॉन्को, सुझुकी यांपैकी कुणालाही पीसीडीने बसेल, पण सुझुकीला १२ एमएमचे आणि जीपला अर्ध्या इंचाचे नळीवाले नट वेगवेगळे घ्यावे लागतील. कंपनीचं नाव कळलं नाही तरी काम सगळं झालं.

हीच यादी एका कागदावर लिहून समोरचा, मागचा आणि शिक्क्यांचा जवळून फोटो काढून ठेवा. जाणकाराला विचारायचं झालं तर हे सगळं एकदम द्या, नुसत्या समोरच्या फोटोवर कुणीही अंदाजच सांगेल.

गाडीला लावण्याआधी स्टडच्या भोकांभोवती आणि स्पोकच्या मुळाशी तडे आहेत का बघा, गंजाची बारीक रेघ म्हणजे बऱ्याचदा आत तडा असतो. भोकं अंडाकृती झाली असतील तर ती रिम भिंतीवर टांगायला ठेवा. डिस्क कापून उलटी लावून वेल्ड केलेली रिम असेल तर वेल्ड कसंही दिसो, वापरू नका. मग टायर न चढवता नुसती रिम लावून बघा: ती हबला सपाट टेकते का, नट किमान स्टडच्या जाडीएवढे आत जातात का, हाताने फिरवल्यावर कॅलिपर, ड्रम, स्टिअरिंगचा सांधा यांना कुठे घासते का, आणि हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा बघा, पुढच्या दोन्ही चाकांना.